धवळ्या चिंधीच्या ओळी

नोकरी लागली तेव्हा आईने गल्लीत सांगितलं, "सुमी दवाखानामा लागनी." मी अळ्या पाळायच्या नोकरीला लागले आहे, हे शेजारणींना सांगायची तिची हिंमत झाली नाही. तिचंही चुकलं म्हणता येत नाही. शेतकऱ्याच्या घरची पोर, जन्मभर अळीला शिव्या देत वाढलेली, आणि सरकार तिला अळ्यांना जेवू घालायचा पगार देतं, हे कोणाला पटणार?

सासरी मात्र दोनच दिवसांत भांडं फुटलं. माझ्या डब्याच्या पिशवीला कसला तरी आंबूस वास येतो, असं सासूबाईंनी धुसफुसत विचारलं आणि मी खरं ते सांगून टाकलं. त्यानंतर नंदुरबारला आमच्या गल्लीत मी कायमची 'अळीवाली' झाले. नवऱ्याचं नाव घेऊन कोणी पत्ता विचारला तर सापडायचा नाही. अळीवालीचं घर कोणीही दाखवायचं.

मी कृषी संशोधन केंद्रात कीटकशास्त्र विभागात प्रयोगशाळा सहाय्यक होते. काम काय, तर वर्षभर, कोणत्याही ऋतूत, साहेबांनी मागितली की धडधाकट अळी हजर करायची. नवं औषध तपासायचं, नवं वाण तपासायचं, तर त्यावर सोडायला अळी लागते, आणि ती शेतातून आणून चालत नाही. शेतातली कुठे काय खाऊन आली, कोणाचं औषध पचवून आली, काय सांगावं. म्हणून घरची पाळायची. माझ्या हाताखाली जास्त करून घाटेअळी असायची. हरभऱ्याच्या घाट्यात तोंड खुपसून बसते ती. कपाशीत गेली की तिलाच बोंडअळी म्हणतात, तुरीत गेली की शेंग पोखरणारी. नावं बदलून फिरणाऱ्या भामट्यासारखी तिची चाल.

तिचा स्वयंपाक मी रांधायचे. हरभऱ्याचं पीठ, यीस्ट, जीवनसत्त्वं, सगळं शिजवून थापायचं आणि वड्या पाडायच्या. आमच्या आप्पाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, एकदा येऊन हे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "इतलं लाडकोड मन्हा नातूलेबी नही," म्हणाला. पतंगांना पिंजऱ्यात मधाच्या पाण्याचा बोळा, अंडी घालायला मलमलचं फडकं, आणि अळ्या थोड्या मोठ्या झाल्या की प्रत्येकीला वेगळी वाटी. ही वेगळी वाटी विसरायची नाही. दोघींना एकत्र ठेवलं तर सकाळी एकच सापडते, आणि ती छान गुटगुटीत झालेली असते.

हे शेवटचं लोकांना भयंकर वाटतं. मला त्यातूनच एक गोष्ट कळली आणि पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं, म्हणून ती आधी सांगते. आमच्याकडे जगताप सर म्हणून तरुण शास्त्रज्ञ आले होते, साताऱ्याकडचे. बोलणं मऊ, पण डोक्यात एकच किडा. त्यांचं म्हणणं असं, की झाड काही मुकाट खाऊ देत नाही. अळीने पान कुरतडलं, की त्या जखमेतून झाडाच्या अंगभर एक संप्रेरक धावतं. मग न कुरतडलेली पानंसुद्धा सावध होतात, रस कडवट करतात, अळीच्या पोटात अन्न पचणार नाही अशी काही द्रव्यं तयार करतात. अळी खाते, पण अंगी लागत नाही. भुकेली अळी मग शेजारणीकडे वळते आणि तिलाच खाते. म्हणजे झाड स्वतः जागचं हलत नाही, पण शत्रूच्या घरात भांडण लावून देतं. वर हवेत असा वास सोडतं, की तो हुंगून बारीकशा गांधीलमाश्या येतात आणि अळीच्या अंगात आपलं अंडं घालून जातात.

आता 'संप्रेरक' हा शब्द मी शेतकऱ्यांसमोर वापरायचे तेव्हा समोरची माणसं मान डोलवायची आणि पुढच्या वाक्याची वाट पाहायची. पुस्तकी शब्दाला लोक मान देतात, घरात घेत नाहीत. मी त्याला 'सांगावा' म्हणायला लागले. तापीकाठच्या गावात मयताचा, बाळंतपणाचा, लग्नाचा सांगावा घेऊन माणूस जातो. तो स्वतः काही करत नाही. तो निरोप देतो आणि पुढचं घर कामाला लागतं. झाडाच्या अंगातला हा सांगावा तसाच. इवलासा असतो, पण त्यावर सगळं झाड हलतं.

आणि सांगावा खोटा असला तर काय होतं, तेही मी पाहिलं आहे. एकदा एक गृहस्थ कपाशीच्या फांद्यांचा भारा डोक्यावर घेऊन केंद्रात आले. तिथेच पायरीवर बसले आणि म्हणाले, "करणी करी शे शेजारीनी. पोलीसले द्या हाई." पाहिलं तर पानं लांबट, चिरलेली, थेट भेंडीची वाटावीत अशी. मी विचारलं, "दादा, पंप कोणाचा?" पंप शेजाऱ्याचाच होता. त्याने उसातलं तण मारायला वापरला होता आणि यांनी तो न धुता कपाशीला चालवला. ते तणनाशक म्हणजे वाढीच्या संप्रेरकाचं सोंग असतं. पंपाच्या तळाशी चमचाभर राहिलं तरी कपाशीला वाटतं, वाढ, वाढ, वाढ, आणि ती वेडीवाकडी वाढत सुटते. गृहस्थांना मी हे समजावलं. ते सगळं ऐकून म्हणाले, "म्हंजे करणीच ना." मी हात जोडले.

हे झालं धंद्याबद्दल. आता आप्पाबद्दल.

आप्पाचं शेत आमच्या माहेरच्या गावी, शहाद्याहून एसटीने गेलं की तापीच्या अलीकडे. काळी, भेगाळणारी जमीन. पावसाळ्यात कपाशी, हिवाळ्यात हरभरा. माणूस कष्टाळू, पण फवारणीच्या बाबतीत भित्रा. अळी दिसायच्या आधी पंप पाठीवर. "आधीच मारी टाकं म्हंजे झोप लागस," असं त्याचं शास्त्र. मी कितीदा सांगितलं, की आप्पा, न आलेल्या पाहुण्यासाठी रोज पंगत मांडतोस का. तो हसायचा. अळीवाली बहीण अळीचीच बाजू घेणार, म्हणायचा.

एका भादव्यात, उन्हाच्या काहिलीत, डोक्याएवढ्या कपाशीत तो फवारत होता. वारं समोरून होतं. उघडं अंग, तोंडाला रुमाल, तोही ओला झालेला. वहिनी भाकरी घेऊन गेली तेव्हा तो ओळीत आडवा पडलेला होता, तोंडाला फेस. शहाद्याच्या दवाखान्यात मी पोहोचले तेव्हा त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या होत्या. जन्मभर मी विषाच्या मात्रा मोजून अळ्यांवर टाकल्या होत्या. अळी कशी पिळवटते, कशी ताठ होते, हे मला पाठ होतं. भावाचे हातपाय तसे होताना पाहिले आणि मी बाहेर जाऊन भिंतीला टेकून रडले.

वाचला तो. पण उजवा हात थरथरायला लागला तो कायमचा. चहाची बशी धरली की वाजायची. डॉक्टरांनी त्याला आणि आम्हा सगळ्यांना बसवून सांगितलं, की पुन्हा असं झालं तर इथपर्यंत यायला वेळ मिळणार नाही. पंपाला हात लावायचा नाही.

आप्पाने मान हलवली. आणि कार्तिकात हरभरा पेरताना वहिनीला म्हणाला, पंप धुऊन ठेव.

मी तडक गावी गेले. भांडलेच. "तुला जीव नको झालाय का? पोरगा सुरतला, तो काय बातमी ऐकून येईल?" तो ऐकून घेत होता. मग शांतपणे म्हणाला, "अळी घाटा खाई जास तव्हय मी काय करू, भजन म्हनू?" मी म्हटलं, गड्याकडून फवार. त्यावर त्याने माझ्याकडे रोखून पाहिलं. "जे माले आडवं पाडी गयं, ते दुसराना पोऱ्याना हातमा देऊ का?"

त्याच सुमारास जगताप सर शेतकऱ्याचं शेत शोधत होते. झाडाचा तो जखमेचा सांगावा बाटलीत मिळतो. रंगहीन, वासाला जाईच्या फुलासारखा, आणि त्याचं इंग्रजी नावही जाईवरूनच पडलेलं. तो पाण्यात अगदी पातळ करून शिंपडला, तर अळी यायच्या आधीच हरभरा सावध होईल का, हे त्यांना पाहायचं होतं. अट एकच, त्या वावरात कीटकनाशकाचा थेंब पडता कामा नये. कोण देणार असं वावर? मी म्हटलं, माझा भाऊ देईल.

आप्पाने बाटली हुंगली. "हाई ते फुलेल शे," म्हणाला. त्या दिवसापासून त्या औषधाचं नाव फुलेल. लग्नात नवरदेवाला लावतात ते सुगंधी तेल. गावात बोभाटा झाला की सुमीच्या भावाने हरभऱ्याला फुलेल लावलं, आता वरात कधी. आप्पा सगळं सहन करत होता, पण मला त्याने वेगळं घेऊन सांगितलं, "दख बई. तुन्हं फुलेल चालनं ते पंप भंगारमा देसू. नही चालनं ते पुढला साले मी मन्हा हातवरी मारसू. मंग तू आडी येवानं नही." मी कबूल केलं. दुसरं काय करणार होते? एक हिवाळा तरी पंप खुंटीवर राहणार होता.

प्रयोगाची मांडणी साधी असते. काही ओळींवर औषध शिंपायचं, काहींवर नुसतं पाणी, आणि शेवटी दोन्हीकडच्या अळ्या मोजायच्या. पाण्याच्या ओळी हव्याच, नाहीतर फरक पडला तो औषधाने की हवेने, हे कळायचं नाही. आम्ही काठ्या रोवल्या. फुलेलच्या ओळींना लाल चिंधी, पाण्याच्या ओळींना पांढरी. राहिलेल्या वावरात, म्हणजे रस्त्याकडेच्या ओळींत, काहीच नाही. वहिनीला आणि निंदायला येणाऱ्या बायांना समजावलं, लाल म्हणजे दवाई, धवळी म्हणजे पाणी. त्या बाया धडगावच्या डोंगरातून दर हिवाळ्यात उतरायच्या. आपसात पावरी बोलायच्या, आमच्याशी अहिराणी. रमीबाई त्यांची म्होरकी. कामाला चोख, तोंडाने फटकळ.

मी नंदुरबारहून एसटीने जायची, दर फेरीला. मोजणी करताना ओणवं होऊन एकेक झाड उलगडायचं, पानाखाली पाहायचं. हरभऱ्याच्या पानावर आंब असते, आंबट दवासारखी, त्याने हात चुरचुरतात, तेही त्या झाडाचं हत्यारच. तर लाल ओळींत अळ्या कमी दिसायला लागल्या आणि मला आनंद झाला. मग पांढऱ्या ओळींत गेले. तिथेही तितक्याच कमी. पुढच्या फेरीला तेच. घाटे भरले तरी तेच.

शेवटच्या मोजणीला जगताप सर आले होते. उन्हात उभे राहून त्यांनी दोन्हीकडची बेरीज केली आणि चष्मा काढून पुसत बसले. "सुमनताई, फरक नाही," म्हणाले. शिवाय लाल ओळी थोड्या खुरटल्या होत्या. ते मात्र अपेक्षित होतं. सतत हत्यार उपसून उभं राहिलेलं झाड वाढीला अन्न कुठून आणणार? म्हणून तर झाडं आधी ओरडत नाहीत. चावा बसला की मगच कामाला लागतात.

आप्पा बांधावर बसून ऐकत होता. त्याला आमची बेरीज कळायची गरज नव्हती. "पानी मारं तठेबी तेच, फुलेल मारं तठेबी तेच," तो म्हणाला. "म्हंजे फुलेल पानीच व्हतं. यंदा अळीच कमी शे, मन्हं नशीब." मग कमरेला हात लावून उठला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, "कबूल व्हतं ना, बई?"

कबूल होतं. मी त्याच्या हाताकडे पाहत होते. काठी धरलेली होती आणि काठी हलत होती.

एवढ्यात वहिनीने जेवायला हाक मारली. बांधावरच्या बाभळीखाली आम्ही बसलो. भाकरी, ठेचा, आणि हरभऱ्याच्या कोवळ्या शेंड्यांची सुकवलेली भाजी, लसणाच्या फोडणीची. जगताप सरांना ती फार आवडायची. थंडी सुरू झाली तेव्हा वहिनी ओल्या शेंड्यांचा घोळाणा करून द्यायची, कांदा, तेल, तिखट घालून, आणि सर डबा पुसून खायचे. मीही खायची. त्या दिवशी मन खट्टू झालेलं, काहीतरी बोलायचं म्हणून सर म्हणाले, "वहिनी, ही भाजी बाजारातून आणता का?"

"बजारनी कसाले?" वहिनी म्हणाली. "आपलीच शे. धवळी चिंधीनी. लालले कोन्ही हात नही लावा, तठे तुमनं फुलेल शे ना."

सरांचा घास हातातच राहिला.

खरं सांगायचं तर मला आधी समजलंच नाही. मग समजलं आणि मी भाकरी खाली ठेवली. हरभरा गुडघ्याखाली असताना शेंडे खुडायचे, त्याची भाजी करायची, ही काही नवी गोष्ट नाही, आमची आजी करायची. निंदणीच्या बाया ओटीत भरून नेतात, कोणी अडवत नाही. पण दरवर्षी त्या इथून तिथून खुडतात. यंदा वावरात स्वच्छ सांगून ठेवलेलं होतं, की कुठे दवाई आहे आणि कुठे नाही. दवाई नसलेल्या ओळी चिंधी बांधून दाखवल्या होत्या. शहाण्या माणसाने खायची भाजी कुठून खुडावी?

सर उठून पांढऱ्या ओळींत गेले. मीही मागे. खुडलेला हरभरा पंधरवड्यात असा फुटतो, की खुडल्याची खूण शोधावी लागते. आम्ही सगळा हिवाळा ती भरदार झाडं पाहत होतो आणि जमीन चांगली आहे म्हणत होतो. सरांनी एका झाडाचा पाला हाताने बाजूला केला. जुन्या खुडणीची टोकं वाळून तपकिरी झालेली होती. ओळीच्या ओळी. एकही झाड सोडलेलं नव्हतं. चोख काम होतं.

रमीबाईला वाटलं, चोरी पकडली. ती कमरेला पदर खोचून पुढे आली. "लाल चिंधीले दवाई शे, तठे आम्ही नही खुडी. धवळीले निस्तं पानी, तठे खुडी. वहिनीले इचारीसन खुडी. साहेब, तुम्हीबी खाधी." सर म्हणाले, "हो बाई, मीही खाल्ली." आणि बांधावर बसून ते हसायला लागले. बराच वेळ हसले. डोळ्यांत पाणी आलं ते हसण्याचं होतं की दुसरं कसलं, मी विचारलं नाही. त्यांच्या दोन वर्षांच्या खटपटीचं वावर होतं ते.

आप्पा मात्र हसत नव्हता. तो रस्त्याकडेला निघाला आणि आम्हाला हाताने खूण केली. रस्त्यालगतच्या ओळी आमच्या प्रयोगात नव्हत्या. तिथे चिंधी नव्हती, फुलेल नव्हतं, आणि ट्रॅक्टरची धूळ बसते म्हणून भाजीलाही तिथे कोणी खुडत नाही. मोजणीच्या नादात आमच्यापैकी कोणी तिकडे फिरकलंच नव्हतं. आप्पाने वाकून एक फांदी धरली. घाट्याला भोक. दुसरीला भोक. तिसऱ्यातून अळीचं मागचं टोक बाहेर. "यंदा अळी कमी नही व्हती," तो हळू बोलला.

मग त्याने सरांना नाही, मला विचारलं. "मंग त्या धवळा ओळीस्ले कोनी वाचाडं? सांग. खुडं तव्हय झाडना आंगमा तुन्हा सांगावा गया, तेनी?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. हो म्हणणं फार सोपं होतं. शेंडा खुडणं म्हणजे झाडाला जखमच, आणि जखमेवर सांगावा निघतो हे आम्हाला माहीत होतं. मी हो म्हटलं असतं तर पंप त्याच दिवशी भंगारात गेला असता. पण घाटेअळीचा पतंग अंडी घालतो ती कोवळ्या शेंड्यावरच. ते शेंडेच बायांनी खुडून नेले म्हणजे अंडीही गेली. ती आम्ही लसणाच्या फोडणीत खाल्ली असणार. शिवाय झाड फुटलं, घाटे वाढले, त्यामुळे नुकसान कमी वाटलं असेल. आणि त्या रस्त्याकडेच्या ओळींवरची धूळ? ती कशात धरायची? यातलं कोणतं खरं, किती खरं, ते शोधायचं तर पुन्हा सगळं मांडावं लागणार होतं. एवढ्याशा वावरात एवढे प्रश्न एकदम उगवलेले मी आयुष्यात पाहिले नव्हते.

"माहीत नाही, आप्पा," मी म्हटलं. "झाडानं वाचवलं असेल. बायांनी वाचवलं असेल. दोघांनी मिळून वाचवलं असेल. मला माहीत नाही."

बोलले आणि माझं मलाच वाईट वाटलं. भावाचा जीव टांगलेला आणि मी प्रयोगशाळेतल्यासारखं उत्तर दिलं.

आप्पाने अळीचा घाटा चिमटीत फोडला, पाहिलं, टाकून दिला. "आजलगून माले कोन्ही सांगं नही, का माहीत नही," तो म्हणाला. "दुकानवालाले इचारं, तेले बठ्ठं माहीत ऱ्हास." एवढंच बोलला आणि बैलांना पाणी पाजायला निघून गेला. पंपाबद्दल काही नाही.

प्रयोग पुन्हा मांडायचा राहून गेला. सरांची बदली झाली. नंतर आलेल्या साहेबांचा विषय वेगळा होता. रस शोषणाऱ्या किडींसाठी झाडात दुसराच सांगावा धावतो आणि एक चालू असला की दुसरा मंदावतो, अशी सगळी भानगड त्यांच्याकडून कळली. त्यांच्यासाठीही मी पुष्कळ किडे पाळले. पण पांढऱ्या ओळी कोणी वाचवल्या, हे मला अजून ठाऊक नाही. निवृत्त होताना पेढा खाल्ला तरी त्या अर्धवट राहिलेल्या प्रश्नाची चव तोंडात होती.

पुढचा हिवाळा मी धास्तीत काढला. फोन करून विचारायचं कसं? फवारलंस का, असं विचारलं की तो चिडणार, आणि फवारलं असेल तर मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलणार. भावांचं असंच असतं. आणि मग एका सकाळी एसटीचा कंडक्टर दारात. हातात फडक्याची गाठोडी. "आक्का, तुमना भाऊनी दिधी." बरोबर चिठ्ठी नाही, निरोप नाही. सोडली तर आत हरभऱ्याचे कोवळे शेंडे, दवाने ओले. मी ते पाहत ओट्याशीच उभी राहिले. फवारलेल्या वावरातली भाजी कोणी बहिणीला पाठवत नाही. रमीबाईच्या बायांना आप्पाने सगळं वावर खुडायला मोकळं केलं होतं, हे वहिनीकडून नंतर कळलं. पंप भंगारात दिला नव्हता हं. गोठ्यात खुंटीला होता आणि त्यात चिमण्यांनी घर केलं होतं. तसं पाहिलं तर सगळा हरभरा निभावला असं नाही. एखाद्या वर्षी अळी भारी पडली, तेव्हा निंबोळीचा अर्क मारला, तोही दुसऱ्याकडून. आप्पाने नाही.

मग दर हिवाळ्याला गाठोडी यायची. मी खुडलेल्या शेंड्यांवरूनच ओळखायची, रमीबाईची खुडणी. नखाने टिचकी मारल्यासारखे, एकसारखे, दोन बोटांचे शेंडे.

गेल्या हिवाळ्यात गाठोडी आली नाही. थंडी पडली, हरभरा वाढला असणार, खुडायला आला असणार. भाचा सुरतहून कायमचा परत आला होता आणि त्याच्या तोंडात ड्रोन. शहाद्याकडे आता ड्रोनने फवारतात. माणूस बांधावर, औषध आभाळातून. मी त्याला नाव ठेवत नाही, निदान कोणाच्या पाठीवर पंप तरी नसतो. पण गाठोडी नाही म्हणजे काय, ते मला कळत होतं. आप्पाचं वय झालं, त्याचं आता घरात किती चालत असेल, असं मी मनाला समजावलं. बाजारातून भाजी आणली. करून ठेवली आणि खाल्ली नाही.

हरभरा फुलायच्या बेतात असताना कंडक्टर आला. गाठोडी नेहमीच्या दुप्पट. सोडली आणि मी हबकलेच. ही काय खुडणी? कुठे हातभर काडी, कुठे नुसतं पान, कुठे झाड मुळासकट उपटलेलं, मातीसकट. निम्मी भाजी निबर. मी वहिनीला फोन लावला. बाया यंदा नाही आल्या, ती म्हणाली, सगळ्या गुजरातला ऊसतोडीला गेल्या. माझे गुडघे तुला माहीत आहेत. पोऱ्या म्हणाला, ड्रोन बोलावतो. तर हे नको म्हणाले, सकाळी उठून वावरात जातात आणि ओळीत बसून खुडतात. थरथरत्या हाताने. एक ओळ करायला दुपार होते. कोणी हात लावायला गेलं की खेकसतात.

फोन ठेवला आणि निवडायला बसले. काड्या वेगळ्या, मुळं वेगळी, माती झटकून. निवडता निवडता एका शेंड्यावर काहीतरी हललं. हिरवी, नुकतीच मोठी व्हायला लागलेली, पाठीवर फिकट रेघ. घाटेअळी. चांगली जिवंत, धडधाकट, औषधाचा थेंब न लागलेली, माझ्या बोटावर चढू पाहत होती.

नोकरीत लाखो अळ्या माझ्या हाताखालून गेल्या असतील. एकीला पाहून असं भरून आलं नव्हतं. मी उठले, कपाटातून एक वाटी काढली, आणि तिला त्यात वेगळी ठेवली.